साहेबांच्या खोकल्याचा पंचनामा

बाटलीच्या बुचावर पडलेला लाखेचा थेंब घट्ट व्हायला साधारण चाळीस सेकंद लागतात. त्यातल्या बाराव्या सेकंदाला शिक्का दाबला, तर अक्षरं काठापर्यंत स्वच्छ उमटतात. आमच्या इन्स्पेक्टरबाई बरोबर बाराव्या सेकंदाला दाबतात, तेही घड्याळाकडे न बघता. मी स्टॉपवॉच लावून सहा वेळा पाहिलं आहे. ऑफिसात त्यांना सगळे सीलबाई म्हणतात. त्या जेवणाचा डबाही सील करून आणतात अशी अफवा आहे. मी तपासलेलं नाही, म्हणून खात्रीने सांगत नाही.

मी खालच्या मजल्यावरच्या सरकारी प्रयोगशाळेत औषधं तपासते. वरच्या मजल्यावर साहेब बसतात. औषध कारखान्यांचे परवाने त्यांच्या हातात. सीलबाई दुकानांतून नमुने आणतात, मी तपासते, साहेब निर्णय घेतात. यातली पहिली दोन कामं वेळेवर होतात.

अकरा महिन्यांपूर्वी सीलबाईंनी खोकल्याच्या एका औषधाचा नमुना आणला. लेबलवर जेवढं औषध लिहिलं होतं, त्याच्या सहा टक्के बाटलीत निघालं. बाकी साखरेचं पाणी आणि सुंदर जांभळा रंग. मी अहवाल दिला. साहेब म्हणाले, "बघू. पुन्हा तपासा." दुसरा नमुना, पाच टक्के. "बघू."

सीलबाई सुटीच्या दिवशी दोन बस बदलून गेल्या आणि तिसरा नमुना घेऊन आल्या.

"ही शेवटची संधी," त्या मला म्हणाल्या. "कारखान्याचा वकील दर वेळी खुसपट काढतो. नमुना नीट सांभाळला नाही एवढं म्हणायला त्याला जागा मिळाली, की प्रकरण संपलं. मग लोक हे जांभळं पाणी पोराबाळांना आणखी वर्षभर पाजत राहतील."

"ताई, चौदा वर्षांत माझ्याकडची एक बाटली जागची हललेली नाही," मी म्हणाले.

हे सोमवारी. मंगळवारी सकाळी बाटली जागेवर नव्हती.

मी फळी पाहिली, फळीखाली पाहिलं, फ्रिज पाहिला. केराची टोपली उलटी केली. शेवटी शिपाईकाकांना विचारलं, "काका, जांभळ्या औषधाची बाटली कुठे दिसली का?"

"साहेबांच्या टेबलावर आहे की! दोन चमचे घेतलेसुद्धा त्यांनी. तीन आठवडे खोकतायत बिचारे."

एरवी मी जिना चढताना पायऱ्या मोजते. त्या दिवशी राहून गेलं. साहेबांचा तिसरा चमचा ओठांशी होता.

"साहेब, गिळू नका, तो पुरावा आहे!"

साहेबांनी दचकून गिळला.

"कसला पुरावा?"

"तिसरा नमुना. खोकल्याचं औषध."

साहेब पांढरेफटक पडले. "म्हणजे मला आता काही होणार?"

"काहीच होणार नाही, साहेब. तीच तर तक्रार आहे."

पण तोवर माझ्यामागे धापा टाकत आलेल्या काकांनी साहेबांच्या घरी फोन लावला होता. "वहिनी, घाबरू नका. साहेब पुरावा प्यायले." पलीकडून जे ऐकू आलं त्यावरून वहिनी घाबरल्या होत्या. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि उलटी करवायला मिठाचं पाणी आणायला धावले. खोलीत शिडीवर चढून पंखा दुरुस्त करणारा वायरमन आपला जीव मुठीत धरून वरच थांबला.

तेवढ्यात सीलबाई आल्या.

"कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. साहेबांचा चमचासुद्धा हवेत थांबला. त्यांनी रुमालाने बाटली उचलली, मान पाहिली, तळ पाहिला. "हिच्यावर माझी लाख नाही. कणभरही नाही. साहेब, ही आली कुठून?"

"घरून. बायकोने दिलीय. कोपऱ्यावरच्या दुकानातली."

"मग माझी बाटली?" मी विचारलं.

"तुमच्या विषाच्या कपाटात," सीलबाई शांतपणे म्हणाल्या. "खालून येताना नोंदवही पाहिली. सोमवार, पाच चाळीस, जास्त सुरक्षिततेसाठी हलवली. अक्षर तुमचंच आहे."

आजवर एकही बाटली हलली नव्हती, त्यामुळे वही बघायची वेळच आली नव्हती. पहिली हलली ती मी हलवली. यावर कुणी काही बोललं नाही, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे.

"पण ही बाटलीही मी सोडणार नाही," सीलबाई म्हणाल्या. "बॅच नंबर तोच आहे. ग्राहकाच्या हातात सापडली. पंचनामा करू. काका एक पंच. दुसरे तुम्ही, खाली उतरा."

वायरमन उतरला. सीलबाईंनी कागद पुढे ओढला.

"व्यवसाय?"

"अहो बाई, मी तुमचा साहेब आहे."

"नोकरी, लिहिते. त्रास काय?"

"खोकला."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"औषध किती दिवस घेताय?"

"तीन आठवडे."

"फरक?"

साहेबांना उत्तर द्यायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली.

"फरक नाही, लिहिते," सीलबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मेणबत्ती पेटवली. लाखेचा थेंब बुचावर पडला. खोलीत कुणी हललं नाही. साहेबांनी तोंडावर हात धरून पुढची उबळ दाबून ठेवली होती. त्यांचे डोळे भरून आले होते. मी मनात मोजत होते. दहा, अकरा. बाराव्याला शिक्का बसला. अक्षरं काठापर्यंत स्वच्छ.

फोनमधून वहिनी अजून विचारत होत्या. साहेबांनी तो उचलला. "नाही गं, मला काही झालेलं नाही. तीन आठवडे काहीच झालेलं नाही. तेच तर." त्यांनी फोन ठेवला आणि अकरा महिन्यांची फाइल स्वतः उघडली. माझे दोन्ही अहवाल वाचले. मग त्या ताज्या लाखेकडे आणि सीलबाईंकडे पाहिलं.

"तिसरा अहवाल कधी मिळेल?"

"दुपारी चारला," मी म्हणाले.

"दोन अहवालांवरच थांबायला हवं होतं मी."

काका मिठाचं पाणी खाली ठेवून सवयीने पुढे झाले. "फाइल परत कपाटात ठेवू ना, साहेब? बघू म्हणून?"

"नाही, काका," साहेब म्हणाले. खोकले, आणि मग म्हणाले, "परवाना रद्द."