ओर्सोलाबाईंची लोकर

तुरिन शहरातला कुठलाही भला माणूस उन्हाळ्यात गादी उसवतो, आतली लोकर धुतो, अंगणात वाळत घालतो आणि पिंजाऱ्याला बोलावतो. विधवा ओर्सोलाबाईंनी तेच केलं. घात एवढाच झाला, की वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लिव्हियो या कलावंताने नेमकी तेव्हाच खिडकी उघडली.

"हात लावू नका!" म्हणत तो जिना उतरत आला.

लिव्हियो दरिद्री कलेचा पाईक होता. रंग, संगमरवर ही श्रीमंतांची थेरं. खरी कला चिंध्या-मातीत असते आणि ती विकायची नसते, हे त्याने बाईंच्याच हातचा मक्याचा पोलेंटा ओरपताना बाईंना कैकदा समजावलं होतं.

"प्रदर्शनापुरती द्या हो ही लोकर. आठच दिवस!"

"आणि मी झोपू कशावर? तुझ्या डोक्यावर?"

पण पोरगं हाडकुळं होतं. बाईंना दया आली.

लोकरीचा ढीग जमिनीवर मांडला गेला. समीक्षकांनी टोप्या उतरवल्या. एका गिरणीमालकाने ती न विकण्याजोगी कलाकृती तत्काळ विकत घेऊन संग्रहालयाला अर्पण केली.

हिवाळा आला. फळ्यांवर झोपून पाठीचं खोबरं झालं, तेव्हा बाई संग्रहालयाचे संचालक बर्तोलोत्तो यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या आईने लग्नात दिलेली लोकर आहे ती. परत करा."

"लोकर होती, बाई. आता ते दारिद्र्य आहे," संचालक सौम्यपणे म्हणाले. "आणि दारिद्र्य आम्ही असं कुणालाही देत नाही."

त्यांनी बाईंना दालन दाखवलं. लोकरीला कसर लागू नये म्हणून औषध होतं, रात्रंदिवस शेगडी होती.

"तिला थंडी बाधते," संचालक म्हणाले.

"अहो, मलाही बाधते!"

"तुमचा विमा नाही."

बाईंचं डोकंच फिरलं. दोरी ओलांडून त्या ढिगावर सरळ आडव्या झाल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या पाठीला सुख लागलं. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. लिव्हियो नवा फरचा कोट सावरत धावला आणि रडायलाच लागला. "पूर्ण झाली! माझी कलाकृती आज पूर्ण झाली!"

लगेच ठराव झाला. संग्रहालय उघडं असेतो बाईंनी तिथे पडावं, घोरू नये, बंद होताच घरी जावं.

"आणि रात्री?" बाईंनी विचारलं.

"रात्री प्रेक्षक नसतात, बाई."

गेल्या रविवारी तुम्हीही तिकीट काढून गेला होतात. बाईंनी एक डोळा उघडून हळूच तुम्हाला विचारलं, "अहो, एवढी लोकर घरी न्यायला जरा हात लावता का?" तुमचे डोळे भरून आले. "किती जिवंत!" असं शेजारच्याला कुजबुजत तुम्ही, पाटीवरच्या सूचनेप्रमाणे, दोरीपासून एक पाऊल मागे सरलात.