बंदर न सोडणाऱ्या इंदूकाकू

आमच्या शेजारच्या इंदूकाकू हल्ली वारा पाहिल्याशिवाय रायपूरच्या सदर बाजारात जात नाहीत. फाटकाशी उभ्या राहतात, बोट जिभेला लावतात आणि वर धरतात. ई-रिक्षावाला कंटाळून विचारतो, "दीदी, चलना है कि नहीं?"

"रुक ना भैया, हवा बदलून राहिली."

हवा बदलली, की काकू मेथी आणायला निघतात.

काकूंची सगळी नोकरी इथंच, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. काका गेल्यापासून घरात त्या एकट्याच. एकुलती मुलगी पल्लवी क्रोएशियात असते. तिथल्याच निकोलाशी तिनं लग्न केलं आणि निकोलाकडे शिडाची बोट आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं सासूबाईंना किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवायचं ठरवलं. स्प्लिटहून निघायचं, बेटं पाहत दुब्रोव्हनिकला पोचायचं. आठवड्याभराचं काम.

काकूंनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाहिल्यावर म्हणाल्या, "आपला तेलीबांधा तलावच हाय. पलीकडून बांधायचा राहिला, एवढंच."

साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट आणि मांडीत रायपूरहून नेलेला कुकर, अशा त्या बोटीत बसायच्या. हवार बेटाच्या बंदरात कुकरची पहिली शिट्टी झाली, तेव्हा आजूबाजूच्या बोटींवरची माणसं घाबरून बाहेर आली. काकूंना वाटलं, वरणाचा वास गेला असेल. त्यांनी त्यांतल्या दोघांना जेवायलाच बसवलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण काकू एकदा बंदराला लागल्या की निघेनात. हवारला त्यांचा गुडघा धरला. पुढच्या बंदरात साडी वाळली नाही. कोर्चुलात एका भाजीवालीशी मैत्री झाली; काकू वऱ्हाडीत बोलायच्या, ती तिच्या भाषेत. दुसऱ्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, "ते बाई मले थांब म्हणून राहिली. तिच्या घरी पाहुणे येतात."

"मम्मी, तुले कसं समजलं?"

"बाईचं बाईले समजते."

महिना संपला तरी दुब्रोव्हनिक आलं नाही. शेवटी निकोलाची सुट्टी संपली आणि त्यानं बोट मागं वळवली. तो बिचारा काही बोलला नाही. काकू त्याला 'निकोलाबापू' म्हणतात आणि जावई शांत आहे म्हणून त्याचं कौतुक करतात.

या हिवाळ्यात पल्लवी रायपूरला आली, तेव्हा हे सारं तिनं आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. काकूंनी बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "समुद्राची हवा बाधते."

पल्लवी क्रोएशियाला परत जायच्या आदल्या दिवशी जवळच अभनपूरला मावशीला भेटायला गेली होती. मी काकूंकडे मटार सोलत बसले होते. सहज विचारलं, "काकू, खरंच गुडघा दुखत होता का?"

"हव," त्या म्हणाल्या. मग चार शेंगा सोलल्या. "नाही दुखत होता."

"मग?"

"पाण्यात पोट्टीले फुरसत कुठं? हा दोर ओढ, तो सोड. बापू तिकडून हाक मारे, की हे पोट्टी धावे. मी बसली आहे, हेही तिच्या ध्यानात नाही राहे. पण बंदराला लागलं, नाव बांधली, की माझ्यापाशी येऊन बसे. मम्मी, डोक्याले तेल लावून दे म्हणे. शाळेत होती तवा म्हणे तसंच." त्यांनी सालं गोळा केली. "मग एक दिवस जास्त राहिलो, त कोणाचं काय गेलं?"

मी मटार सोलत राहिले.

पल्लवी परतली तेव्हा उन्हं उतरली होती. चप्पल काढता काढता म्हणाली, "मम्मी, पॅकिंग बाकी है अभी." आणि बॅगेकडे न जाता आईच्या पायाशी, पाठ करून, खाली बसली. तिनं केसांची क्लिप काढून हातात धरली.

काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. सावकाश तेल जिरवलं, कंगवा घेतला, सरळ भांग पाडला. क्षणभर पाहिलं. मग तळव्यानं तो पुसून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून पाडायला घेतला.