पाच, चार, तीन आणि चांद्या

"यंदा बैल मी विकणार," किशोरने सासऱ्याला तोंडावर सांगितलं. "मामा, तुमी घरीच बसा."

आता हे बोलायला छाती लागते राव! देवराममामा म्हणजे म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात मुरलेला माणूस. किशोरच्या दावणीची जनावरं आजवर त्यांनीच घेतली, त्यांनीच विकली आणि जावयाच्या हाती फक्त दावं दिलं. पावसाळ्यात जोडीतला एक बैल मेला, उरला एकटा चांद्या. एका बैलावर नांगर कसा धरणार? विकायचाच होता. मैनाने आधी बापाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि म्हणाली, "जाऊ दे त्यांना. एकदा कळू दे जमतं का."

म्हणजे बाजारात उभा राहणार होता चांद्या, आणि पणाला लागली होती किशोरची अब्रू.

किशोरला ना तंबाखू, ना दारू. व्यसन एकच, जुने इंग्रजी अंतराळाचे सिनेमे. मुरबाडच्या कारखान्यातून सुटला की जीपमध्ये टेकल्या टेकल्या मोबाईल काढायचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे, काळे-पांढरे. त्यांत यान म्हणजे पत्र्याचा डबा, चंद्रावरच्या माणसांच्या डोक्यावर चक्क चाळण, आणि यान उडालं की त्याला बांधलेला दोरा साफ दिसतो. दोरा दिसतो त्यातच खरी मजा, असं तो मैनाला समजावायचा. खिशात दमडी नसताना ही माणसं चंद्रावर गेली! मैना ऐकायची आणि भाकऱ्या थापत राहायची.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी शहापूरकडचे बारकूशेठ चांद्यापाशी थांबले. दात पाहिले, पाठीवर थाप मारली, मान डोलावली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलायचा नसतो. दोघांनी हातात हात द्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबायची. पाच बोटं धरली तर पूर्ण भाव, एक सोडलं की भाव एक पायरी खाली. किशोरने ऐटीत पाचही धरली. बारकूशेठ विचारात पडले. ते एकदा विचारात पडले की माणसाचा चहा पिऊन होतो.

किशोरच्या डाव्या हातात मोबाईल होता. वेळ जावा म्हणून त्याने मघाशीच सिनेमा लावला होता, आणि यान सुटायला नेमका हाच मुहूर्त सापडला! पडद्यावर आकडे उलटे पडू लागले. पाच. चार. किशोर पडद्यावर वाकला. पडद्यावर एक आकडा उतरला की टॉवेलखाली त्याचं एक बोट सुटत होतं, आणि बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. तीन. दोन. एक. यान उडालं तसा त्याने बारकूशेठचा हात पार सोडूनच दिला.

"गेलं!" तो म्हणाला.

बारकूशेठ चटका बसल्यासारखे मागे सरले. चाळीस वर्षं त्यांनी बैल घेतले, पण असला मालक पाहिला नव्हता. गिऱ्हाईक गप्प उभं, आणि हा आपला आपणहून भाव उतरवत उतरवत शेवटी बैल फुकट देतोय!

"ह्या बैलात कायतरी खोट हाय," ते म्हणाले.

झालं! बाजारात असली बातमी उडायला दोरा लागत नाही. घटकाभरात चांद्याभोवती मुंगीला शिरायला जागा उरली नाही. कुणी शेपूट उचलून बघितलं, कुणी खूर, कुणी जिभेखाली. एकाने फेफरं ठरवलं, दुसऱ्याने थेट करणी. शेजारच्या खुंट्यांवरच्यांनी आपली जनावरं सोडून लांब नेऊन बांधली. चारा विकणाऱ्या बुधीने तर चांद्यापुढची पेंढीसुद्धा काडीने ओढून बाजूला केली. विकायचं राहिलं बाजूला, आता बैल फुकटही कोणी नेईना!

शेवटी आपली बोटं का सुटली ते उमगलं, तेव्हा लाज गुंडाळून ठेवून त्याने सिनेमा मागे नेला आणि मोबाईल सगळ्यांसमोर धरला. "बैल धडधाकट हाय हो. मी ह्याच्यासंगती बोटं मोजत होतो."

वीस-पंचवीस डोकी त्या टीचभर पडद्यावर वाकली. पाच, चार, तीन, दोन, एक. यान उडालं.

"दोरा दिसतोय," बारकूशेठ म्हणाले. मग त्यांनी चांद्याकडे बघितलं, किशोरकडे बघितलं. "खोट बैलात नाय, मालकात हाय. बैल घेतो मी. पन ह्याच्या हातात हात देनार नाय. घरातलं जानतं मानूस बोलवा."

जाणतं माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नको. किशोरने मान खाली घालून फोन लावला. मामा तासाभरात जीपने आले. टॉवेल पडला, दोन मिनिटांत उचलला, आणि चांद्या चांगल्या भावाने शहापूरच्या वाटेला लागला.

परतीच्या जीपमध्ये मामा नोटा मोजत बसले. शिव्या दिल्या असत्या तर किशोरला बरं वाटलं असतं. घर आलं तशी त्यानेच हिंमत केली.

"मामा, पुढल्या जत्रेला नवी जोडी घ्यायचीय. मी येऊ ना?"

"म्हंजे काय? तुझ्याबिगर जमायचं नाय."

किशोरचा जीव भांड्यात पडला.

"बारकूशेठने बजावून सांगितलंय," मामा जीपमधून उतरत म्हणाले. "बैलाचं मामा बघतील, जावयाला मोबाईल घेऊन पाठवा. यान चंद्रावर पोचलं का नाय, ते अख्ख्या बाजाराला बघायचंय." दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "पूर्ण चार्ज करून आन."