पडलेल्यास उचलणे (कमाल पाच वेळा)

माणसाचं चारित्र्य मोजता येत नाही, असं पूर्वी समजलं जाई. तेव्हा छापील पत्रकं निघाली नव्हती. आता निघाली आहेत, आणि बारा वर्षांखालील मुलांच्या फिरत्या बास्केटबॉल स्पर्धेत चारित्र्य चाळीस गुणांपर्यंत अगदी अचूक मोजतात. विशेष बाब म्हणून त्यावर तीन देता येतात.

फिरती स्पर्धा म्हणजे दर शनिवारी पहाटे मुलांना झोपेतून उचलून बसमध्ये घालायचं, परगावच्या हॉलमध्ये हरवून आणायचं आणि रविवारी संध्याकाळी ज्याचं त्याचं मूल ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं. ज्या संघाची ही हकिगत आहे त्याने मागच्या हंगामात नऊ गावं, दोन हजार तीनशे किलोमीटर आणि एक चाक (बसचं) खर्ची घातलं. जिंकलेले सामने: एक. (त्या दिवशी समोरच्या संघाची बस पोचली नव्हती.)

संघाचे प्रशिक्षक, म्हणजे सर, पेशाने चष्मेवाले. दिवसभर दुकानात बसून लोकांना अक्षरं वाचायला लावायची. लोकांना अक्षरं दिसत नसत, आणि दोष तक्त्याचा आहे असं ते सरांना ऐकवत. घरी बायको म्हणे, "अहो, तुमचं म्हणणं जेवताना सांगा," आणि जेवताना टीव्ही चालू असे. एवढ्या मोठ्या जगात संध्याकाळी सहा ते सात हा एकच तास असा होता, की सरांनी शिट्टी फुंकली की अकरा मुलं जागच्या जागी थांबत. अकराच्या अकरा! हे सुख ज्याने चाखलं आहे तो ते सुखासुखी सोडत नाही.

आणि तेच सोडायची पाळी आली. हॉल चालवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं: या हंगामात किमान एक चषक (कोणताही) न आल्यास सदर तास ज्येष्ठांच्या बॅडमिंटनला देण्यात येईल. सरांना दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात पत्र पुन्हा वाचताना त्यांची नजर कंसावर अडकली. कोणताही!

आता, स्पर्धेत एक 'खिलाडूवृत्ती चषक' असतो. शेवटच्या दिवशी तळाच्या दोन संघांचा सामना लावतात, आणि ज्याची वृत्ती जास्त भरेल त्याला तो देतात. (जिंकणाऱ्या संघांना वृत्तीची गरज भासत नाही, असा आयोजकांचा अनुभव आहे.) तळ गाठण्यात सरांच्या संघाचा हात कोणी धरला नसता. प्रश्न वृत्तीचाच होता. सरांनी पत्रक मागवलं आणि भिंग लावून वाचलं:

पडलेल्या प्रतिस्पर्ध्यास उचलणे, दोन गुण, कमाल पाच वेळा.
सॉरी म्हणणे, एक गुण, कमाल दहा वेळा.
स्वतःची चूक स्वतःहून कबूल करणे, तीन गुण, कमाल पाच वेळा.
पंचांशी वाद न घालणे, एकरकमी पाच.

सर हिशेबी नव्हेत, पण सरळ माणूस आहेत, आणि सरळ माणूस विचार करत गेला की कुठवर जाईल याचा नेम नसतो. उचलायचं तर आधी कोणीतरी पडायला हवं. कबूल करायचं तर आधी चूक हवी. मुलांना धक्के मारायला शिकवणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि त्यांनी ते शिकवलं नाही, हे नीट ध्यानात घ्यावं. ते एवढंच म्हणाले, "समोरचा पडेल तिथे आपण असावं. आणि आपण असू तिथे समोरचा पडला, तर बरं." मुलं आजकाल हुशार असतात. एका धक्क्यात कबुलीचे तीन, उचलण्याचे दोन आणि सॉरीचा एक, असे सहा गुण बसतात, हे त्यांनी बसल्या जागी काढलं आणि त्या धक्क्याला 'षटकार' असं नावही ठेवलं. बास्केट केली तर दोनच मिळतात. त्याही भलत्याच चषकाच्या खात्यात.

पाच जणांनी प्रत्येकी एकच षटकार मारायचा, म्हणजे फाऊल वाढून कोणी बाहेर जात नाही. हे नियोजन संघाच्या व्यवस्थापकबाईंचं. त्या कप्तानाच्या आई आणि उत्साहाचा झरा. बसमध्ये त्या मुलांकडून सॉरी घोटून घेत. "पोटातून येऊ दे! तू ते सुट्टे पैसे नाहीत म्हटल्यासारखं म्हणतोयस." पालकही मागे राहिले नाहीत. सराव सामन्यात एक बाबा उभे राहून ओरडत, "पाड त्या..." आणि पत्रक आठवून पुढे म्हणत, "आणि उचल!"

संघात सगळ्यात लहान चणीची मुलगी म्हणजे चिमणी. बास्केट तिच्याच्याने कधी झाली नव्हती. पण सरावात कोणीतरी पडायला लागतं, आणि ती हलकी, उचलायला सोपी. महिनाभर ती रोज पस्तीस-चाळीस वेळा पडत होती. कुरकुर नाही की काही नाही. एकदाच तिने विचारलं, "सर, माझी खरंच चूक झाली, तर तेव्हाही हेच सॉरी म्हणायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," सर म्हणाले. ते घाईत होते.

शेवटचा सामना आला. समोरचा संघही काही भोळा सांब नव्हता. त्यांच्याकडेही पत्रक होतं आणि त्यांचे प्रशिक्षक तर पेशाने वकील. पहिल्या बारा मिनिटांत दोन्हीकडून दहा मुलं पडली, दहा उचलली गेली आणि हॉल सॉरीने असा दुमदुमला की स्टँडवर एका काकूंनी डोळे पुसले. बाजूच्या टेबलावर निरीक्षक पेन्सिल परजून बसले होते. निवृत्त ग्रंथपाल, चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ. (सामन्याचा खरा स्कोअर कोणी टिपून ठेवल्याचं आढळत नाही.)

शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा समोरचे चाळीसपैकी चाळीस. आपले अडतीस. कप्तानाच्या तोंडात च्युइंगम असल्यामुळे दोन सॉऱ्या निरीक्षकांना ऐकूच आल्या नव्हत्या. व्यवस्थापकबाईंनी कपाळावर हात मारला. सरांच्या डोळ्यांसमोर रॅकेट घेतलेले ज्येष्ठ उभे राहिले.

आणि चिमणी पडली.

तिला कोणी पाडलं नव्हतं. बॉल पहिल्यांदाच तिच्या हातात आला होता, जाळी समोर होती, तिने उडी मारली आणि उतरताना पाय मुडपला. पंचांनी घड्याळ थांबवलं. सगळे बघत राहिले. समोरच्या संघाचं पाचही वेळचं उचलणं भरलेलं. सहाव्याला गुण नाही. आपल्या मुलांनी आपल्याच मुलीला उचलणं पत्रकात 'कर्तव्य' सदरात मोडतं, वृत्तीत नाही. शिवाय रोजच पडते की ती, असं त्यांना वाटलं. सरांनी आत जायला रेषेवर पाय उचलला.

"सर!" व्यवस्थापकबाई दबक्या आवाजात किंचाळल्या. "नववा रकाना!"

नववा रकाना पानाच्या मागच्या बाजूला, बिनगुणांच्या 'कर्तव्य' रकान्यांच्या खाली होता. वेदनेचा बाऊ न करणे, तीन गुण, विशेष बाब. मुदत एक मिनिट. रडल्यास किंवा बाहेरची मदत घेतल्यास बाद.

निरीक्षकांनी घड्याळ पुढ्यात ठेवून पेन्सिल वर केली होती. सरांचा पाय वरच्या वर राहिला. चिमणीने सरांकडे पाहिलं. तिचा घोटा भलतीकडेच वळला होता, एवढं त्यांना चष्म्याशिवायही दिसत होतं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ठेवताना त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. पण बोट काढलं नाही. वीस सेकंद. पस्तीस. पोरीने ओठ दातांखाली धरले, हनुवटी थरथरली, आणि स्टँडवरचे दीडशे आईबाप मनातल्या मनात म्हणत होते, नको गं, नको गं, दहाच राहिले. पन्नास. साठ!

पेन्सिल टेकली. एक्केचाळीस.

हॉल दणाणला. कप्तानाच्या आईने वकिलाला मिठी मारली. मुलं उड्या मारत सुटली. फोटो निघाले, पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटले होते म्हणून पुन्हा निघाले. तास वाचला, सरांच्या हातात चषक आला, आणि मग सरांना हात जड वाटू लागले. त्यांनी चषक तिथेच जमिनीवर ठेवला आणि जाळीखाली गेले.

चिमणी होती तिथेच होती.

"किती मिळाले, सर?"

"तीन."

"मग आता रडू?"

सर तिच्याशेजारी मटकन खाली बसले. "रड, बाळा," म्हणाले, आणि तिच्याआधी तेच रडले. मग तिला कडेवर घेऊन बसपर्यंत गेले. याचे गुण नाहीत.

राहता राहिले वाचक. अडतीस आणि तीन एक्केचाळीस, ही बेरीज तुमची तिच्या घोट्याच्या आधी झाली होती, आणि साठ म्हटल्यावर तुम्ही हुश्श केलंत. संकोच नको, सगळ्यांनीच केलं. पुढच्या हंगामापासून आयोजकांनी बघणाऱ्यांसाठीही एक पत्रक काढलं आहे. तुमचं आम्ही भरून ठेवलंय; फक्त सही करा.