हैबतीचं तिकाटी पिस्तूल

एका जंगलात, पोरांनो, हैबती नावाचं एक साळिंदर राहत होतं. पाठभर ही अशी काट्यांची रास. लांडगा आला की त्याच्याकडं पाठ करायची, काटे फुलवायचे आणि मागं मागं सरकत जायचं. लांडगा धूम पळायचा.

पण हैबतीला त्याची भारी लाज वाटे. "वैऱ्याला पाठ दाखवायची? आपल्याला शोभतं का ते?"

म्हणून त्यानं पिस्तूल केलं. चाप एकदाच ओढायचा. सट् सट् सट्, तीन काटे!

"तीन कशाला?" यसूनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"माझा हात थरथरतो गं. दोन चुकले तर तिसरा लागेल."

"आणि एवढे काटे आणणार कुठनं?"

हैबती पाठीवरचेच उपटायला बसला.

पहिल्यांदा चाप ओढला तर एक काटा वारुळात, दुसरा फांदीत, तिसरा आभाळात. धक्क्यानं नळीच वर जायची. मग त्यानं खांद्याला टेकवायला लाकडी दस्ता केला. दस्ता लावला तरच तीन सुटणार, नाहीतर एक. शिवाय दस्ता आतून पोकळ. चालताना पिस्तूल त्यातच ठेवायचं.

"एवढं डोकं कुणाचं चाललं असतं?" त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं.

पण पोकळ जागा दिसली की साळिंदराला राहवत नाही. त्यानं पिस्तूल कमरेला खोवलं आणि दस्त्यात कंद भरले, गच्च.

एके दिवशी बिळाच्या तोंडाशीच लांडगा उभा!

"थांब जरा," हैबती कंद उकरत म्हणाला.

"सावकाश," लांडगा म्हणाला. "आज तर सोललेलाच मिळाला!"

कंद काही निघेनात, आणि त्याशिवाय दस्ता पिस्तुलाला बसेना. हैबतीनं तसाच चाप ओढला. एकच काटा सुटला, तो मातीत रुतला. लांडग्यानं झेप घेतली.

तेवढ्यात बिळातून यसू आली. उलटी, काटे फुलवून. लांडग्याचं थोबाड काट्यांनी भरलं. केकाटत गेला तो.

हैबतीनं आपल्या उघड्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला हसूच फुटलं. "पाठ दाखवायला नको म्हणून पाठच सोलून घेतली मी! माझ्यासारखा शहाणा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही."

"कळलं ना? चला आता घरात."

"चल. पण यसू..."

"आता काय?"

"तुझे तीनच काटे दे. दस्त्याचं तेवढं सुधारतो."

तात्पर्य: हत्यारात खोट कधीच नसते, बाळांनो, काटेच कमी पडतात. म्हणून आपले संपले की शहाण्यानं बायकोच्या पाठीकडं बघावं.