हसनचाचांचं पळतं मटण

आमच्या अंगणात तीन बिऱ्हाडं होती आणि तिन्ही कोकणातली. तरी त्यातल्या एका घरातून मसाल्याचा वास कधी आला नाही. खोबरं भाजलं जात नव्हतं, वाटण वाटलं जात नव्हतं, मिरचीचा ठसका लागून कुणी खोकत बाहेर येत नव्हतं. ते घर हसनचाचांचं. आणि असं का, याचं कारण त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं होतं.

आमच्या ह्यांना सांगितलं होतं की जहाजावरच्या डॉक्टरने मिरची बंद केली आहे. मिरचीने नजर मंद होते, आणि बंदरात लाँच चालवणाऱ्याला नजर तर हवीच. शेजारच्या परकारांना सांगितलं की हाँगकाँगच्या धक्क्यावर आपण पाण्यात पडलो, तेव्हा एका चिनी स्वयंपाक्याने आपल्याला केस धरून वर काढलं. पण काढण्याआधी शपथ घ्यायला लावली की पुन्हा मसाला खाणार नाही.

"पाण्यात असताना शपथ घेतली?" परकारांनी विचारलं.

"डोकं बाहेर होतं," चाचा म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. स्वतः पाण्यात पडल्याचीही साक्ष ते स्वतःच्या डोळ्यांची काढायचे.

मी लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा साठ साल उजाडायचं होतं, किंवा नुकतंच उजाडलं असेल. आमचे हे एका जहाज एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट. घर बनेद अल-गारमध्ये, समुद्राजवळ. मातीच्या जाड भिंती, मधे अंगण, अंगणात एक बोरीचं झाड आणि चहूबाजूंनी खोल्या. घराचे मालक बू सालेम मागच्याच गल्लीत नवीन सिमेंटच्या घरात राहायला गेले होते, पण जुन्या घरावर त्यांचा जीव होता. येता-जाता डोकावायचे.

मी पहिल्यांदा मटणासाठी खोबरं-कांदा भाजला त्या दिवसाची गोष्ट. तासाभरात बू सालेमची बायको काळ्या अबायात, खजुराचं ताट आणि कॉफीचा थर्मास घेऊन आली. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसत अरबीत बरंच काही बोलली. मला तेव्हा अरबी येत नव्हतं. हसनचाचा झाडाखाली बसले होते, त्यांना विचारलं, काय म्हणतात या? ते म्हणाले, "तुझं भलं होवो म्हणते. मान खाली घाल आणि खजूर घे."

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा मटण केलं. ती पुन्हा आली. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी एकदा बू सालेमनी आमच्या ह्यांना रस्त्यात थांबवून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं कुटुंब फार मोठं दिसतं. जे उरले आहेत त्यांना अल्लाह सुखी ठेवो."

तेव्हा उलगडा झाला. हसनच्या घरून वास येत नाही आणि बाकीच्यांच्या येतो, हे कसं, असं बू सालेमनी कधीतरी विचारलं होतं. चाचांनी ठोकून दिलं होतं की आमच्या मुलखात मसाला फक्त मयतीला भाजतात.

मी रागावून जाब विचारायला गेले. चाचा गाजर कापत होते. वर न बघता म्हणाले, "खजूर बरे होते की नाय?"

हसनचाचा उंच, वाकलेले, लांब हातांचे. तरुणपणी जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. नंतर जहाज सोडलं आणि शुवैख बंदरात लाँचवर लागले. बाहेर नांगरून पडलेल्या मोठ्या बोटींवर माणसं पोचवायची आणि आणायची. दुपारी कामावरून आले की असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या बांगेच्या सुमारास ते अंगणात स्टो पेटवायचे आणि रोज, अगदी रोज, एकच पदार्थ करायचे. बड्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं मटण आणि भाज्या. चिनी स्वयंपाक्याकडून शिकलेला. त्याचं चिनी नाव त्यांना आठवत नव्हतं. ते त्याला 'पळतं मटण' म्हणायचे, कारण ते चुलीवर थांबत नाही.

चुलीवर थांबत नाही हे खरं, पण त्याआधी सगळी दुपार खायचं. बर्फात ठेवलेलं मटण जरा कडक असतानाच त्याच्या चिंधीसारख्या पट्ट्या काढायच्या. त्यांना चिमूटभर पीठ आणि एका बाटलीतलं काळं पाणी चोळायचं. ते काळं पाणी चवीला खारट. बोटींवरचे चिनी भंडारी त्यांना आणून द्यायचे. मग गाजर, फरसबी, कोबी, ढोबळी मिरची, सगळं निराळ्या ढिगात. हे सगळं चालू असताना चाचा बोलत असायचे. एक बंदर असं आहे की तिथल्या होड्यांवर बागा आहेत, आणि बायका होडीतल्या होडीत फुलं तोडतात. एका समुद्रात रेडिओ लावला की मासे वर येऊन ऐकत राहतात. एका बेटावर इतकी शांतता की माणसाला स्वतःची दाढी वाढताना ऐकू येते.

"घाई नको, उशीर पण नको," असं मधूनमधून म्हणायचे. ते मटणाला, मला की माशांना, ते कळायचं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. आमचे हे संध्याकाळी यायचे, तोवर दुपार नुसती पडून असायची. भिंतींवर मधासारखं ऊन, बोरीची हलती सावली, लांबून समुद्राचा आवाज, आणि चाचांचा तो संथ सूर. उंबऱ्यावर बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे आणि ते फुलांच्या होड्यांचं बंदर मला खरोखर दिसायचं. नंतर मुलांना मी ते बंदर पाहिल्यासारखं सांगितलं आहे.

मग एकदम कढईतून धूर निघायचा आणि चाचा उठून उभे राहायचे. तेल, आलं-लसूण, त्यावर मटण पसरून टाकलेलं. "हात लावू नको, त्याला जरा पडू दे." मग परतून बाहेर. त्याच कढईत आधी गाजर-फरसबी, मागून कोबी, सगळ्यात शेवटी ढोबळी. मटण परत आत, वरून काळं पाणी, काळी मिरी, दोनदा उलथणं फिरवलं की झालं. चहा निवायला लागतो तेवढा वेळ. "पळालं," असं म्हणून ते ताट घेऊन आत जायचे. आत सकीनाचाची बसलेल्या असायच्या. त्या कमी बोलायच्या, कुणाकडे जास्त जायच्या नाहीत, आणि नवरा रांधतो याची त्यांना काही लाज वाटत नव्हती. अंगणातल्या बायकांनी त्यांना आळशी ठरवून टाकलं होतं. मीही त्यात होते.

चाचांचं दुसरं वेड म्हणजे स्टो. तोवर घरोघर गॅसची टाकी यायला लागली होती. परकारांनी आणली, आम्ही आणली. चाचा काही केल्या घेईनात. "गॅस मुका हाय," म्हणायचे. "स्टो कसा, चालू असला की बोलतो. मुकं जनावर मी घरात ठेवत नाय."

एकदा सकाळी पाण्याचा टँकर आला. माझं खोबरं तव्यावर होतं. चाची अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "चाची, जरा तव्याकडे बघाल?" आणि बादल्या घेऊन धावले. परत आले तर दारातून धूर बाहेर येत होता, खोबऱ्याचा कोळसा झाला होता, आणि चाची दाराकडे पाठ करून निवांत खडे वेचत होत्या. त्यांना झोप लागलेली नव्हती. मी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तवा माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः वाळूने घासला. फक्त एवढंच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नको."

मला वाटलं, विसरभोळ्या आहेत.

त्या उन्हाळ्यात एक मोठं धुळीचं वादळ आलं. सकाळी चाचा कामावर गेले आणि थोड्या वेळात आकाश पिवळं झालं. मग अंगण, झाड, भिंती, सगळं हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखं. दार-खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून मी चाचींच्या खोलीत जाऊन बसले. दुपारी परकार तोंडाला रुमाल बांधून आले आणि म्हणाले, लाँची परत येत नाहीत, माणसं बाहेरच्या बोटीवर चढवून घेतली आहेत असं बंदरात म्हणतात. "म्हणतात," चाची म्हणाल्या, आणि पुन्हा दाराकडे बघत बसल्या. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

असरची बांग वाऱ्यात तुटक तुटक ऐकू आली. मला दुसरं काही सुचेना. बर्फाच्या पेटीत चाचांनी सकाळी आणून ठेवलेलं मटण होतं. मी स्टो आत घेतला आणि पळतं मटण करायला बसले. इतक्यांदा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. मटण कढईला चिकटलं, कोबीला पाणी सुटलं, गाजर कच्चं राहिलं, काळं पाणी सांडून जास्त पडलं. चाची बघत होत्या. आणि मग त्या हसायला लागल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"हे पळालं नाय, पडलं," त्या म्हणाल्या.

पण ताट पुढे ओढलं. दोन घास खाल्ले आणि मग, वारा दारावर आपटत असताना, त्यांनी मला सांगितलं.

"रझिया, मना वास येत नाय. कसलाच. गावात लग्न असलं की आधी मला बोलवायचे. डेगीचं झाकण उघडलं की वासावरनं सांगायची, धणे कमी पडले, कांदा आणखी हवा. मग मुदतीचा ताप आला. ताप गेला आणि वास घेऊन गेला. जिभेला खारट-गोड कळतं, पुढचं काय नाय. कुणाला बोलले नाय. एका लग्नात डेग खालून लागली. मी तिथंच उभी होते, आणि मलाच कळलं नाय. लोक हसले. मग बोलवायचे बंद झाले."

त्यांनी ताटातला गाजराचा एक कच्चा तुकडा बाजूला सारला.

"हे रजेवर आले तेव्हा मी जेवत नव्हते. जेवायचं कशाला? ह्यांनी घरातला मसाला उचलून शेजाऱ्यांना दिला आणि हे असलं केलं. विचारलं, काय लागतं? मी म्हटलं, वाजतं. एवढंच म्हटलं. एवढे खूश झाले की जहाज सोडून मला इथं घेऊन आले. तेव्हापासून रोज हे वाजणारं."

मला एकदम हाँगकाँगचा धक्का, जहाजावरचा डॉक्टर, बू सालेमच्या बायकोचे खजूर, सगळं आठवलं. आणि मुका गॅससुद्धा. वासावाचून ज्याची गळती कळत नाही, ते त्यांना घरात नको होतं.

"पण तुम्हाला आवडतं ना?" मी विचारलं.

"दात दुखतात माझे," चाची म्हणाल्या. "मला पेज दिलीस तर मी सुखी. पण हे उलथणं हातात घेऊन उभे राहतात, कान देऊन. मग मी मोठ्याने चावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. जग धुतल्यासारखं नाही, पीठ पेरल्यासारखं दिसत होतं. चाचींना पहाटे कधीतरी डोळा लागला होता. मी अंगण झाडत होते तेव्हा चाचा आले. भुवया, मिशा, सगळं पांढरं. उंबऱ्यावर बसले आणि आत झोपलेल्या चाचींकडे बराच वेळ बघत राहिले.

"जेवली?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेवल्या. मी केलं होतं पळतं."

"वाजलं?"

"वाजलं."

त्यांनी मान हलवली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरी, तिला ते आवडत नाय. मना ठाव हाय."

मी झाडू खाली ठेवला. "मग रोज का करता?"

मला वाटलं, आता एखादं बेट निघेल किंवा एखादा डॉक्टर. पण त्या दिवशी काहीच निघालं नाही.

"पहिल्या दिवशी 'वाजतं' म्हणाली ना, तेव्हा हसली होती. तापानंतर पहिल्यांदा. आता ती माझ्यासाठी चावते, ते पण मना कळतं. तिला नको म्हणून सांगू? मग ती माझ्यासाठी काय करील?"

त्यांनी कमरेच्या पंच्यात बांधून आणलेला एक पत्र्याचा डबा सोडला. त्यावर चिनी अक्षरं होती. रात्रभर ज्या बोटीवर अडकले, तिथल्या भंडाऱ्याने दिलेला. "बांबूचे कोंब," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. "गाजरापेक्षा जास्त वाजतात. मी बोटीवर खाऊन बघितलंय."

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "चाचा, पातळ कापा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दात?"

"हो."

ते उठले. तोंड धुतलं, सुरी दगडावर लावली आणि तिथेच झाडाखाली बसून कोंब कापायला लागले. वाजतील, पण दुखणार नाहीत, इतके पातळ. एकेक चकती उचलून उन्हाकडे धरत होते, आणि जिच्यातून ऊन आरपार येईना ती बाजूला ठेवून पुन्हा कापत होते.