भुरक्याच्या निवाड्याची हकीकत

श्रीगजाननाची कृपा असो आणि ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुख नाम संवत्सरी, ज्येष्ठमासी एका राज्यात जे जाहले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. टोपीकर सरकार जहाजांत बसोन गेले परंतु टोप्या ठेवून गेले, त्या दरबारी मंडळींनी घातल्या, आणि मग कढीभातही काट्याचमच्याने खाऊ लागले. हे पाहोन सुभानजी तेरदाळे नामे चित्रपटकर्ते यांणी विनोदी बोलपट रचिला. त्यात राजा फर्मान काढितो की कोणी भुरका मारू नये, आणि आचारीण बंड करिते. तीन वर्षे खपोन बोलपट सिद्ध जाहला आणि मग परीक्षक-प्रमुख अमृतराव पागनीस यांजपुढे गेला. त्यांची मोहर न उठल्यास रिळे जाळावी ऐसा कायदा.

अमृतरावांनी चित्र तोंड आवळोन पाहिले आणि वदले, "बाकी राहू द्या, पण भुरका हा शब्द फार गावंढळ. टोपीकरांच्या भाषेतला सभ्य शब्द घाला, नाहीतर मोहर नाही." मग कोश आणविले आणि चार कारकून धुंडाळो लागले, एक घोटापाशी अडला, दुसरा चोखण्यापाशी, परंतु भुरका काही सापडेना. अमृतराव संतापले, "अहो, पण त्यात नेमकं करतात तरी काय?" तेव्हा सुभानजींसवे आलेली बोलपटातील आचारीण बयाबाई, जी खरीच आचारीण होती, तिणे कचेरीच्या मुदपाकखान्यातून ऊन कढी आणिली आणि म्हणाली, "सायेब, सांगून न्हाई कळायचं. वाटी धरा, डोळं मिटा अन् वढा."

अमृतरावांनी वाटी तोंडी लाविली आणि ऐसा भुरका मारिला की चारी कारकून दचकोन उभे राहिले. सुभानजींस वाटले, आता रिळे गेली. मग अमृतराव डोळे मिटूनच म्हणाले, "आमच्या आत्याच्या हातची अशीच असायची हो," आणि वाटी पुढे केली, "अजून आहे?" दुसऱ्या वाटीनंतर मोहर उठली आणि शेरा पडला: 'या शब्दास पर्याय नाही. चित्र आहे तैसे चालावे.' सुभानजी हसता हसता रडो लागले.

येणेप्रमाणे बोलपट सुटला आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला. राज्य मोकळे होऊन नऊ वर्षे लोटली होती. अमृतराव त्या दिवशी मोकळे जाहले.